कॅनन ३००डी की निकॉन डी७०? एका जुन्या भांडणाची गोष्ट

२००३-०४ च्या सुमारास अंधेरीच्या सीप्झमधून कोणी ऑनसाइटला निघालं की टीममधला एकजण तरी हमखास विचारायचा, "येताना कॅमेरा आणशील का रे?" आणि त्यावर जेवणाच्या टेबलावर भांडण ठरलेलं: कॅनन की निकॉन? आज हे दोन्ही कॅमेरे कोणी फुकट दिले तरी आपण दोनदा विचार करू. पण त्या भांडणात एक मजेशीर गोष्ट लपलेली आहे, आणि ती लेन्सची नाही, सॉफ्टवेअरची आहे. म्हणून या शनिवारी तीच.

आधी थोडी पार्श्वभूमी. लेन्स बदलता येणारा डिजिटल एसएलआर ही तोवर पगारदार माणसाची वस्तू नव्हती. १९९९ सालचा निकॉन डी१ पाच हजार डॉलरच्या घरात होता. २००३ च्या फेब्रुवारीत आलेला कॅनन १०डी सुद्धा दीड हजार डॉलर. आणि मग ऑगस्ट २००३ मध्ये कॅननने ३००डी जाहीर केला. नुसती बॉडी ८९९ डॉलर, १८-५५ लेन्ससकट ९९९. डॉलर तेव्हा साधारण ४६ रुपयांना होता. म्हणजे बॉडीचे ४१ हजारांच्या आसपास, कस्टम ड्यूटी वेगळी. स्वस्त नाहीच, पण "दोन बोनस साठवू" म्हणता येईल इतपत.

इतका स्वस्त कसा केला? बाहेरून प्लास्टिक, आत काचेच्या प्रिझमऐवजी आरसे. हे समजण्यासारखं आहे. पण सेन्सर जवळपास १०डीचाच, तोच ६.३ मेगापिक्सेलचा. मग दीड हजाराचा कॅमेरा कोण घेईल? यावर कॅननने सोपा उपाय काढला: काही सोयी बंद ठेवल्या. फ्लॅशचा जोर कमी-जास्त करायची सोय नाही, फोकस कोणत्या पद्धतीने व्हावा हे मनासारखं निवडता येत नाही, आरसा आधी वर उचलून ठेवता येत नाही. आयएसओ १६०० ला संपतो, १०डीमध्ये तो ३२०० पर्यंत जायचा.

निकॉनचं उत्तर जानेवारी २००४ मध्ये आलं: डी७०. बॉडी ९९९ डॉलर, १८-७० लेन्ससकट १२९९. म्हणजे लेन्स धरून ३०० डॉलर जास्त, तेव्हाचे तेरा-चौदा हजार रुपये. मेगापिक्सेल उलट किंचित कमी, ६.१. मग जास्तीचे पैसे कशाचे? तर कॅननने जे झाकून ठेवलं होतं त्यातलं बरंचसं इथे सरळ मेन्यूत होतं.

आपल्याकडच्या हिशेबाने बघू. भर दुपारी जुहूच्या वाळूत कोणाचा फोटो काढा, डोळ्यांखाली काळ्या सावल्या पडतात. उपाय म्हणजे उन्हातसुद्धा हलका फ्लॅश मारणे. पण फ्लॅश चालू असताना ३००डीचं शटर १/२०० सेकंदाच्या पुढे जात नसे. डी७०चं १/५०० पर्यंत जायचं, आणि फ्लॅश हवा तेवढा मंद करता यायचा. किंवा भांडुप पंपिंग स्टेशनच्या बाजूने खाडीकाठी उभे राहा. फ्लेमिंगोंचा थवा उडाला की ३००डी चार फोटो सटासट काढून थांबायचा, दीड-दोन सेकंदांत खेळ खलास. डी७० मात्र, फोटो जेपेग असतील आणि कार्ड वेगवान असेल, तर काढतच राहायचा. शिवाय बटण दाबताच जागा व्हायचा. ३००डीला जागं व्हायला तीनेक सेकंद लागत.

पण सगळं एकतर्फी नव्हतं हं. कान्हेरीच्या तिसऱ्या लेण्यात, त्या अंधाऱ्या चैत्यगृहात, आयएसओ वाढवावाच लागतो, आणि तिथे ३००डीचा फोटो जास्त स्वच्छ येई. डी७०मध्ये बारीक विणीच्या कापडावर कधीकधी रंगीत लहरी उमटत. आणि पावसात? दोघांनाही प्लास्टिकची पिशवी!

आता गोष्टीतला खरा मसाला. २००४ मध्येच रशियातून ३००डीचं एक बदललेलं फर्मवेअर इंटरनेटवर फिरू लागलं. लोक त्याला 'वासिया' नावाने ओळखत. ते टाकलं की फ्लॅशचं नियंत्रण, आरसा वर उचलणे, फोकसची निवड, आयएसओ ३२०० असं बरंच काही जिवंत व्हायचं. ना स्क्रू उघडायचा, ना सुटा भाग बदलायचा. म्हणजे ही कुवत त्या कॅमेऱ्यात पहिल्या दिवसापासून होती! वॉरंटीची जोखीम ज्याची त्याची.

आपण सॉफ्टवेअरवाले यावर फार चिडू शकत नाही म्हणा. एकच बिल्ड, आणि लायसन्स की बघून फीचर चालू किंवा बंद, हे आपण रोज करतो. पण ग्राहक म्हणून यातून एक गोष्ट लक्षात ठेवावी. कंपनी झाकलेलं उघडते ती शेजारचा दुकानदार तेच उघड्यावर विकायला लागला की. फेब्रुवारी २००५ मध्ये ३५०डी आला तेव्हा नुसत्या बॉडीची किंमत तीच, ८९९ डॉलर. मेगापिक्सेल आठ झाले, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे फ्लॅशचं नियंत्रण, फोकसची निवड, आरशाची सोय असं सगळं कायदेशीरपणे आत. जागं व्हायलाही आता क्षणभरच. निकॉनचंही तसंच. २००५ च्या एप्रिलमध्ये डी७०एस आला, आणि त्यातली फोकसची सुधारणा जुन्या डी७०वाल्यांना नव्या फर्मवेअरमधून फुकट मिळाली. समोर तगडा स्पर्धक नसता तर हे इतक्या लवकर झालं असतं, असं मला तरी वाटत नाही.

म्हणजे "कॅनन की निकॉन" या भांडणात खरा फायदा दोन्ही बाजूंच्या लोकांचा झाला. तेव्हा ३००डी घेणारा काही मूर्ख नव्हता. वाचलेल्या तेरा हजारांत एक बरी लेन्स येत होती, आणि डी७० घेणाऱ्याचेही पैसे वाया गेले नाहीत.

आज आरसाच गेला, मिररलेस आले. पण दोन कॅमेरे समोर ठेवून डोकं खाजवणं तेच आहे. तेव्हा जाहिरातीतला मोठ्या अक्षरातला आकडा सोडा. ६.३ आणि ६.१ मधला फरक कोणालाच कधी दिसला नाही. मी कुठे, कोणत्या उजेडात, कशाचे फोटो काढणार आहे, ते आधी कागदावर लिहा. मग दोन्हींचं मॅन्युअल उतरवून घ्या आणि त्यात काय नाही ते शोधा. पैसे वाचतील, आणि जेवणाच्या टेबलावर भांडायला मुद्देही मिळतील.