विटाळ, पाप आणि परतून आलेला मुलगा

मागच्या वेळी आपण कर्म आणि प्रायश्चित्त यांवर बोललो होतो. तेव्हा शेवटी एका श्रोत्यांनी विचारलं होतं, ‘ख्रिस्ती लोक पाप-पाप म्हणतात, ते आपल्या पापापेक्षा वेगळं काय?’ त्याचं उत्तर आज देण्याचा प्रयत्न करतो. पण तत्त्वज्ञानाच्या पुस्तकातून न देता आपल्या वऱ्हाडातून देऊ. अमरावती-अकोल्याच्या माणसाला हा विषय परका वाटतो, तितका तो परका नाही.

सुरुवात एका सरकारी कामापासून करू. जॉर्ज ग्रिअर्सन नावाचे एक आयरिश सनदी अधिकारी होते. हिंदुस्थानातल्या भाषा आणि बोली नोंदवायच्या, असं काम त्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी हाती घेतलं. मराठीचा खंड सातवा, तो १९०५ साली छापून निघाला. त्यात आपल्या वऱ्हाडी बोलीचे नमुने आहेत. आता तुलना करायची तर सगळ्या बोलींत एकच मजकूर हवा. ग्रिअर्सननी निवडला तो बायबलातल्या लूकच्या शुभवर्तमानाचा पंधरावा अध्याय, म्हणजे उधळ्या मुलाचा दाखला. हिंदी माणसाच्या भावनेला खटकू नये म्हणून त्यात थोडे शाब्दिक बदल केले होते. मूळ गोष्टीत मुलगा परत आल्यावर बाप पोसलेलं वासरू कापतो. हे आपल्याकडे कसं सांगणार, ते तुम्हीच बघा! असो. मुद्दा असा की, मिशनचं तोंडही न पाहिलेला वऱ्हाडी माणूस सरकारी कामासाठी का होईना, ही गोष्ट आपल्या बोलीत सांगून गेला.

गोष्ट तुम्हांला ठाऊक असेलच, तरी थोडक्यात सांगतो. एका बापाचे दोन मुलगे. धाकटा म्हणतो, बाबा, माह्या हिश्शाचं देऊन टाका. घेतो, दूर देशी जातो, सगळं उडवतो. तिथे दुष्काळ पडतो. हा डुकरं राखायला लागतो, त्यांच्या पुढ्यातल्या शेंगा खाव्याशा वाटण्यापर्यंत पाळी येते. मग शुद्धीवर येतो, घरी निघतो. बाप त्याला लांबूनच पाहतो आणि धावत जाऊन मिठी मारतो. मोठा भाऊ वावरातून येतो, वाजंत्री ऐकतो, रुसून बाहेरच उभा राहतो.

आता ही गोष्ट आमच्या वऱ्हाडात बसवून पाहा. बाप जिवंत असताना वाटणी मागणं. मूळ गोष्टीच्या समाजात ते बापाच्या मरणाची वाट पाहण्यासारखं होतं. आपल्याकडे मिताक्षरेप्रमाणे वडिलार्जित मिळकतीत मुलाचा हक्क जन्मतःच, त्यामुळे वाटणी मागणं कायद्याने चूक नव्हतं. पण गावात लाज होती. कोर्ट एक सांगतं आणि पार दुसरं, हे वऱ्हाडी माणसाला वेगळं शिकवावं लागत नाही. पैसा उडवण्याचंही तसंच. १८६१ ते ६५ अमेरिकेत यादवी झाली, तिथला कापूस बंद पडला, आणि अमरावती-खामगावच्या बाजारात पैशाचा पूर आला. पुढे भाव उतरले. आलेला पैसा कुठे गेला, हा प्रश्न इथल्या कित्येक घरांत विचारला गेला असणार.

आणि दुष्काळ. १८९६-९७ चा एक, त्याच्या मागोमाग १८९९-१९०० चा. वऱ्हाडची लोकसंख्या १८९१ ला सुमारे एकोणतीस लाख होती; १९०१ ला ती साडेसत्तावीस लाखांच्या आसपास भरली. दहा वर्षांत माणसं वाढायच्या ऐवजी घटली. दाखल्यातला तो दुष्काळ इतर ठिकाणी लोक वाचून पुढे जातात. आमच्याकडे ज्यांनी तो त्या वर्षांत ऐकला, त्यांना शेंगा खाण्याचा अर्थ समजावून सांगायची गरज नव्हती.

त्या काळात अकोल्याला ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स या अमेरिकन मिशनचं मोठं ठाणं होतं. जेनी फुलर या बाई तिथल्याच. हिंदुस्थानातल्या स्त्रियांच्या दुःखांवर त्यांनी लिहिलेलं इंग्रजी पुस्तक १९०० साली निघालं, त्याला प्रस्तावना पंडिता रमाबाईंची. रमाबाई स्वतः १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात हिंडून मुली-बायकांना घेऊन गेल्या. केडगावचं मुक्ती सदन त्यातूनच वाढलं. दुष्काळात मिशनांनी अन्न दिलं, पोरकी मुलं सांभाळली. आणि इथेच आपल्या विषयातला पहिला शब्द येतो: मोह.

मराठी बायबलात मोहाला पुष्कळ ठिकाणी ‘परीक्षा’ म्हटलेलं आहे. ग्रीकमध्ये मूळ शब्द ‘पैरास्मोस’. त्यात पारखणं आणि भुलवणं हे दोन्ही अर्थ आहेत. आपल्याकडे परीक्षा म्हटलं की मॅट्रिक आठवतं, आणि मोह म्हटलं की गीतेतला अर्जुन, नाही तर मेळघाटातली मोहाची दारू! पण येशूला रानात झालेली पहिली परीक्षा कोणती, ते बघा. चाळीस दिवसांचा उपास, आणि सैतान म्हणतो, या धोंड्यांच्या भाकरी कर. भुकेच्या जागी भाकरी, एवढाच मोह. येशू ते नाकारतो.

मग दुष्काळात भाकरी घेऊन उभ्या असलेल्या मिशनपुढे तीच परीक्षा नव्हती काय? उपाशी मुलाला खाऊ घालायचं हे उघड आहे. न घालणं हेच पाप. पण खाऊ घातल्यावर त्याला काय शिकवायचं, त्याचं नाव काय ठेवायचं, त्याला विचारायचं की नाही? आमचं मत स्पष्ट सांगतो. ज्यांनी त्या मुलांना वाचवलं त्यांना ‘भाकरीच्या बदल्यात धर्म घेतला’ एवढं एकच वाक्य चिकटवून मोकळं होणं हा अन्याय आहे. कारण त्या वेळी तेच म्हणणारे पुष्कळ जण स्वतः घरात दाणे ठेवून बसले होते. पण मुलाने होकार दिला तो पोटाने की मनाने, हे तपासायला मिशनजवळ माप नव्हतं, हेही तितकंच खरं. मुलाजवळही नव्हतं. मोठेपणी त्याने स्वतःशी त्याचं काय उत्तर दिलं असेल, हा आम्हांला त्या इतिहासातला सर्वांत अवघड प्रश्न वाटतो.

गावाने मात्र त्या मुलाला एक शब्द देऊन टाकला होता. ‘बाटला.’ या शब्दाकडे जरा थांबून पाहू. धर्म बदलणाऱ्याने काय केलं, हे हा शब्द सांगत नाही. त्याला काय लागलं, ते सांगतो. म्हणजे डाग, विटाळ. पॉल रिकर नावाचे फ्रेंच तत्त्वज्ञ होते. १९६० साली त्यांनी दुष्टाव्याच्या प्रतीकांवर एक ग्रंथ लिहिला. त्यात ते म्हणतात, माणूस वाईटाचा अनुभव तीन थरांत सांगतो. सर्वांत जुना थर विटाळाचा: काही तरी बाहेरून लागतं, आणि ते धुऊन काढता येतं. दुसरा पापाचा: देवाशी असलेलं नातं मोडतं. तिसरा अपराधाचा: मी केलं, मीच जबाबदार, असं आतून टोचणं. आम्ही वर्गात हे शिकवीत असू तेव्हा मुलं कंटाळायची. मग आम्ही म्हणायचो, बाप्पा, फ्रान्स सोडा, आपल्या आजीचं सोवळं आठवा. लगेच सगळ्यांना समजायचं. विटाळात हेतू विचारात घेत नाहीत. चुकून शिवलं तरी विटाळच.

आणि वऱ्हाडात विटाळ धुता येत नाही अशी माणसंच ठरवलेली होती. गावाबाहेर राहणाऱ्यांनी काय केलं होतं? काहीच नाही. अशा माणसाला कुणी येऊन सांगितलं की, विटाळ वेगळा आणि पाप वेगळं, पाप पाटलालाही आहे आणि तुलाही, देवापुढे दोघं एकाच रांगेत, तर तो उपदेश त्याला जाचक वाटला नसेल. पापी म्हणवून घेणं ही त्याच्यासाठी बढती होती! पाप करायला आधी माणूस असावं लागतं. अर्थात मंडळीत आल्यावर जात गेली असंही नाही. पंगतीचे आणि सोयरिकीचे तंटे आतही आले. त्यावर वेगळं व्याख्यान होईल.

लाजेचं निराळं आहे. ‘लाज नाही वाटत काय बे तुले?’ हे वाक्य लहानपणी ऐकलं नाही असा वऱ्हाडी माणूस दाखवा. लाज ही चार लोकांपुढची गोष्ट. गाडगेबाबा आमच्याच अमरावती जिल्ह्यातले, शेंडगावचे. वडील दारूपायी गेले, हे त्यांनी लहानपणी पाहिलं. १९०५ साली घर सोडलं आणि पुढे कीर्तनात दारू, कर्ज, देवापुढे बकरं कापणं यांवरून लोकांना भर सभेत प्रश्न विचारून लाजवलं. लाजेचा त्यांनी औषधासारखा उपयोग केला. योगायोग असा की त्याच १९०५ साली केडगावला रमाबाईंच्या मुक्ती सदनात मोठी जागृती झाली, मुली रडत, मोठ्याने आपली पापं कबूल करीत. वरून पाहता दोन्हींत साम्य दिसतं, चारचौघांत बोलणं आहे. पण कीर्तनात बाबा विचारतात आणि ऐकणारा मान खाली घालतो. मुक्तीत ज्याचं त्यानेच तोंड उघडायचं. रोमन कॅथलिकांची तिसरी तऱ्हा. तिथे कबुली धर्मगुरूच्या कानात, आणि ती बाहेर फुटायची नाही. वर्षातून एकदा तरी ती करावी, असा नियम १२१५ च्या लॅटरन धर्मसभेने घातला. अमरावतीचा कॅथलिक धर्मप्रांत १९५५ सालचा, पण ही रीत त्याच्यापेक्षा सातशे चाळीस वर्षांनी जुनी.

रमाबाईंबद्दल आणखी एक. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ चा, इंग्लंडात. पण पुढे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं की, त्या वेळी आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त सापडायला आणखी आठेक वर्षं गेली. म्हणजे धर्म बदलणं आणि देवाकडे परतणं या दोन घटना आहेत, आणि त्यांच्या तारखा वेगळ्या असू शकतात. हिब्रूत पश्चात्तापासाठी जो शब्द आहे, ‘शूव’, त्याचा साधा अर्थ मागे वळणं, परत येणं. आपल्या ‘पश्चात्तापा’त ताप आहे, पोळणं आहे, वाट नाही. हा फरक आम्हांला फार महत्त्वाचा वाटतो. माणूस वर्षानुवर्षं पोळत बसू शकतो आणि उंबरठ्याकडे एक पाऊलही टाकत नाही.

आता परत येण्याचीच एक मराठी घटना सांगतो, दाखल्याच्या शेजारी ठेवण्यासारखी. १८४३ साल, मुंबई. नारायण शेषाद्री हा ब्राह्मण तरुण स्कॉटिश मिशनकडे जाऊन ख्रिस्ती झाला. हेच पुढे वऱ्हाडाच्या सीमेला लागून असलेल्या जालन्याला आले आणि तिथे त्यांनी बेथेल वसवलं. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत, अल्पवयीन, तोही मिशनच्या घरात राहायला गेला. वडिलांनी कोर्टात दाद मागितली. मुलगा अजाण म्हणून कोर्टाने तो बापाच्या हवाली केला. मुलगा घरी आला. बापाला तो हवा होता. पण तो मिशनात जेवला होता, बाटला होता. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर पुढे झाले, त्याला प्रायश्चित्त देऊन जातीत घ्या म्हणाले, त्यासाठी शास्त्राधार गोळा केले. सनातनी मंडळी उलटली. प्रायश्चित्तानंतरही पुष्कळांनी पंगत नाकारली, आणि बाळशास्त्रींच्या स्वतःच्या डोक्यावर बहिष्काराचं सावट आलं. १८४६ ला ते वारलेच.

दाखल्यातला मुलगा डुकरांतून आला होता. यहुदी माणसाला डुक्कर म्हणजे विटाळाची परिसीमा. बापाने त्याला अंघोळ घालून मग जवळ घेतलं असं नाही. तो धावत गेला आणि तसाच बिलगला. मुलाने वाटेत पाठ केलेलं माफीचं भाषणही पुरं होऊ दिलं नाही. श्रीपतच्या बाबतीत बाप होता, घर होतं, प्रायश्चित्तही होतं. फक्त मोठा भाऊ एक नव्हता. सगळी जात मोठा भाऊ होऊन दारात उभी होती.

लक्ष्मीबाई टिळकांचं उलटं झालं. रेव्हरंड टिळकांना आगगाडीत राजनांदगावच्या वाटेवर कुणा गोऱ्या गृहस्थाने नवा करार दिला, ही गोष्ट प्रसिद्धच आहे. ती गाडी आपल्या अकोला-बडनेऱ्यावरूनच जाते, एवढा वऱ्हाडचा त्यात वाटा! १८९५ ला त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि बाई माहेरच्या माणसांत राहिल्या, लोकांच्या कीव करणाऱ्या नजरा सोसत. काही वर्षांनी त्या नवऱ्याकडे परत गेल्या, १९०० साली स्वतः ख्रिस्ती झाल्या. ‘स्मृतिचित्रे’ वाचलं नसेल त्यांनी या उन्हाळ्यात वाचावं. लाजेचं ओझं माणूस हसत-हसत कसं उतरवतो, ते आम्हांला रिकरपेक्षा लक्ष्मीबाईंनी जास्त शिकवलं.

तर त्या श्रोत्यांच्या प्रश्नाकडे येतो. मिशनच्या उपदेशात पाप म्हणजे बापाचं घर सोडणं. पण गावच्या हिशेबात तो उपदेश ऐकून निघालेला मुलगाच घर सोडून चालला होता. एकाच पोराला एक जण ‘आला’ म्हणत होता आणि दुसरा ‘गेला’. त्याची आई काय म्हणत होती, ते कुणी लिहून ठेवलं नाही.

धर्म बदलला म्हणून वारसा बुडत नाही, असा कायदा १८५० ला कंपनी सरकारने केला. वावराचा हिस्सा राहिला, पंगतीतलं पान गेलं. त्या कायद्यावर आणि त्यातून झालेल्या भाऊबंदकीवर पुढच्या महिन्यात बोलू. आता साडेसात झालेत, कुणाचे प्रश्न असतील तर घेऊ.