गिरगावच्या तहानेने राखलेलं जंगल

पाऊस उघडला की आमच्या ग्रुपवर दर वर्षी एकच मेसेज फिरतो. "असा ट्रेक सांगा, जिथे आई-बाबा येतील, लहान मूल रडणार नाही, जंगल असेल, डोंगर असेल, पाणी दिसेल आणि रात्रीच्या जेवणाला घरी." मग कोणीतरी हमखास हरिश्चंद्रगड सुचवतो आणि ग्रुप शांत होतो.

माझं उत्तर ठरलेलं आहे. दादरहून बोरिवली स्लो लोकल, स्टेशनातून ईस्टला बाहेर, दहा-पंधरा मिनिटं चालत नॅशनल पार्कचं गेट. आणि तिथून कान्हेरी. पण आजचा एपिसोड ट्रेकवर कमी आहे आणि एका प्रश्नावर जास्त. सव्वा कोटींहून जास्त माणसं राहतात अशा शहरात 103 चौरस किलोमीटरचं जंगल उरलं कसं? जिथे आमच्या लालबागमध्ये गिरणीची भिंत पडायच्या आत टॉवरचं ब्रोशर छापून येतं, तिथे एवढी जागा कोणी मोकळी ठेवली?

बहुतेक लोक म्हणतील, पर्यावरणप्रेमींनी. त्यांचा वाटा आहेच, पण ते खूप नंतर आले. त्याआधी शंभर-सव्वाशे वर्षं हे जंगल ज्याने राखलं तो म्हणजे नळ. तुमच्या-आमच्या मोरीतला.

थोडं मागे जाऊ. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात मुंबईला नळ नव्हता. विहिरी होत्या आणि तलाव होते. नावं आजही बसच्या पाटीवर आहेत: धोबी तलाव, सी. पी. टँक, गोवालिया टँक, दोन टाकी. आता तिथे पाण्याचा थेंब नाही, पण एकेकाळी याच तलावांवर लोक प्यायचं पाणी भरत, तिथेच कपडे धूत, तिथेच गुरं येत. हे तलाव कोणा ना कोणा शेठजीने दानधर्म म्हणून बांधलेले असायचे. फ्रामजी कावसजी नावाच्या पारशी गृहस्थाने गिरगावात मुगभाटातल्या आपल्या विहिरींचं पाणी धोबी तलावाला आणून दिलं होतं. हे नाव लक्षात ठेवा, एपिसोडमध्ये परत येणार आहे.

उन्हाळ्यात विहिरी आटायच्या आणि शहर वाढतच होतं. 1845 मध्ये लोकांनी पाण्यासाठी इतका आरडाओरडा केला की सरकारला दोन जणांची समिती नेमावी लागली. बेटावर पाणी पुरणार नाही, हे हळूहळू सगळ्यांना पटलं. मग नजर गेली बेटाबाहेर, साष्टीच्या डोंगरांकडे, मिठी नदी जिथे उगम पावते त्या खोऱ्याकडे. हेन्री कॉनिबिअर या इंजिनिअरने योजना आखली, 1856 मध्ये काम सुरू झालं आणि 1860 मध्ये विहार तलाव तयार झाला. तिथून शहरापर्यंत 32 इंची बिडाचा पाइप. मुंबईची ही पहिली नळयोजना.

इंजिनिअर म्हणून मला यातली गंमत वेगळी वाटते. आमच्याकडे सिस्टिम लाइव्ह जाते आणि त्याच आठवड्यात कळतं की कपॅसिटी कमी पडतेय. इथे तेच झालं. कापसाच्या तेजीत लोक मुंबईत धावले, 1864 च्या जनगणनेत आकडा आठ लाखांच्या वर गेला. विहार अपुरा पडला. म्हणून त्याच डोंगरांत, थोडं उत्तरेला, 1879 मध्ये तुळशी तलाव. पाणी शहरात आलं की साठवायचं कुठे? उंचावर. मलबार हिलवर हँगिंग गार्डनखाली आणि माझगावात भंडारवाड्याच्या टेकडीवर मोठ्या टाक्या बांधल्या. दोन्हीकडे वर बाग आहे, खाली पाणी. गिरगावातून ज्यांना बोरिवलीही लांब वाटते त्यांच्यासाठी सांगतो: त्याच मलबार हिलवर मार्च 2025 मध्ये झाडांमधून जाणारा 485 मीटरचा उंचावरचा पायमार्ग सुरू झालाय. आजी-आजोबांना झेपतो, वरून चौपाटी दिसते.

आता मुख्य मुद्दा. तलाव बांधला म्हणजे फक्त बांध घातला असं नाही. ज्या डोंगरांवरचं पाणी तलावात उतरतं तिथे वस्ती, शेती, गोठे नकोत, नाहीतर घाण थेट शहराच्या पोटात. म्हणून पाणलोटाची जमीन राखीव झाली. आजही विहार आणि तुळशीच्या काठाला तुम्हाला-मला सहज जाता येत नाही. त्या राखीव हिरव्या पट्ट्याच्या शेजारी स्वातंत्र्याच्या आधी कृष्णगिरी नावाचं छोटं राष्ट्रीय उद्यान झालं, आसपासची वनं जोडत ते वाढलं आणि पुढे त्याचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान झालं. आपण अजून नॅशनल पार्कच म्हणतो.

"पाण्यामुळेच राहिलं कशावरून?" असं कोणी विचारलं तर मी पवईकडे बोट दाखवतो. पवई तलाव विहारला जवळजवळ खेटून आहे. तोही पिण्याच्या पाण्यासाठीच, 1891 च्या सुमाराला बांधला. जमीन पूर्वी कोणाकडे होती? फ्रामजी कावसजींकडे, मुगभाटवाले! पण पवईचं पाणी पिण्यालायक निघालं नाही आणि तो नाद सोडून दिला. पुढचं तुम्हाला माहीत आहे. पवईभोवती आज टॉवर, ऑफिसं, हॉटेलं आणि पाण्यावर जलपर्णी. विहारभोवती बिबट्या. पाऊस तोच, दगड तोच, मधे अंतर चालत जाण्याइतकं. एका तलावाचं पाणी आपण प्यायलो, दुसऱ्याचं नाही, एवढाच फरक.

ही गोष्ट फार गोडही करायला नको. या डोंगरांत वारली आणि इतर आदिवासींचे पाडे शहराच्याही आधीपासून आहेत, आणि राखीव जंगलात त्यांचं घर "अतिक्रमण" आहे की हक्क, हा वाद अजून मिटलेला नाही. आणि शहराची तहान पुढे सरकत तानसा, वैतरणा, भातसाला पोचली, तेव्हा जो शहापूर तालुका मुंबईला पाणी देतो तिथल्याच गावांत उन्हाळ्यात टँकर येतो. माझ्या मते नळ उघडताना हे आठवायला हरकत नाही.

बरं, कान्हेरी. गेटपासून सहा-सात किलोमीटर डांबरी रस्ता. चालू शकता, सायकल भाड्याने मिळते, आतून बसही जाते. मी आई-बाबा आणि सहा वर्षांच्या भाचीला नेलं तेव्हा जाताना बस आणि येताना अर्धं चालणं असा तह झाला होता. इथे शंभराहून जास्त लेणी आहेत, इसवी सनाच्या आरंभाच्या आसपास सुरू होऊन जवळपास हजार वर्षं नांदती राहिलेली. सगळे मोठ्या चैत्यगृहात फोटो काढून परततात. तुम्ही वर चढा. पायऱ्या खडकातच कोरल्यात, मुलांना मजा येते. आणि चढताना पायाखाली बघा. खडकावर बारीक पन्हळी खोदल्यात, पावसाचं पाणी वळवून प्रत्येक लेण्याशेजारच्या टाक्यात सोडणाऱ्या. इथल्या ब्राह्मी शिलालेखांत कल्याण, सोपारा इथल्या व्यापाऱ्यांची दानं नोंदवलीत आणि त्यात लेण्यांबरोबर पाण्याची टाकीही आहे. तिला शब्द आहे 'पोढी'. म्हणजे याच डोंगरात, विहारच्या सतराशे-अठराशे वर्षं आधी, कोणीतरी पैसे देऊन पाणी साठवून ठेवलं होतं. भाचीने टाक्यात वाकून विचारलं, "हे पण बीएमसीचं का?" आई म्हणाली, "नाही गं, बीएमसीचं असतं तर सकाळी सातला गेलं असतं."

नव्वद नंबरचं लेणंही चुकवू नका. तिथे पहलवी लिपीत लेख आहेत, इसवी सन 1009 आणि 1021 चे. हे दान नाही, प्रार्थना नाही. जरथुष्ट्री मंडळी इथे आली होती आणि तिने आपली नावं, बापाच्या नावासकट, कोरून ठेवली. हजार वर्षांपूर्वीचं 'आम्ही येऊन गेलो'. तुम्ही मात्र कोरू नका, आता दंड आहे.

आज विहार आणि तुळशी मिळून 35,744 दशलक्ष लिटर पाणी मावतं. मुंबईच्या सातही तलावांचं मिळून 14 लाख 47 हजार. म्हणजे अडीच टक्केसुद्धा नाही. हे दोन तलाव उद्या नसले तरी तुमच्या चाळीत नळाला पाणी येईल. जंगलाचा जुना पहारेकरी असा कमजोर झालाय, आणि नेमकं आत्ता पार्कच्या पोटातून दोन मोठे जुळे बोगदे जातायत, गोरेगाव-मुलुंड आणि ठाणे-बोरिवली. दोन्हींचं भूमिपूजन जुलै 2024 मध्ये झालं. बोगदा खोल आहे, वरचं झाड तसंच राहील, असं सांगितलं जातंय. प्रवास वाचेल हेही खरं आहे, मी स्वतः ठाण्याच्या ट्रॅफिकमध्ये तास घालवलेत. पण पूर्वी इथे काही करायचं म्हटलं की "पाण्याचं काय?" हा एक प्रश्न सगळ्यांना गप्प करायचा. आता त्या प्रश्नाचा धाक उरलेला नाही.

जाणार असाल तर सोमवार सोडून जा, त्या दिवशी बंद असतं. लेण्यांचं तिकीट वेगळं काढावं लागतं. माकडांसमोर वेफर्सचं पाकीट काढू नका. आणि घरातली पोरं जरा मोठी झाली असतील तर पार्कच्या माहिती केंद्रात चौकशी करून, परवानगी आणि वाटाड्या घेऊन जांभूळमाळाला जा. 468 मीटर, मुंबईतली सगळ्यात उंच जागा. हवा स्वच्छ असेल तर तिथून तिन्ही तलाव दिसतात. तुळशी आणि विहार कुठला, यावर आमच्या ग्रुपमध्ये दर वेळी वाद होतो. पवई मात्र सगळे लगेच ओळखतात.