पत्त्याची साक्ष

टपाल वाटणाऱ्याच्या दृष्टीने पत्ता म्हणजे एक दार. शिक्षणाचा हिशेब मांडणाऱ्याच्या दृष्टीने तोच पत्ता एक साक्षीदार असतो. एखाद्या वस्तीतील शंभर मुलांपैकी किती महाविद्यालयापर्यंत पोचतात, हे विद्यार्थ्यांच्या घरच्या पत्त्यांवरून काढता येते. इंग्लंडमध्ये २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका सरकारी अहवालाने टपालसंकेतांच्या आधारे असा हिशेब मांडला, आणि एकाच शहरातील वस्त्यांमध्ये केवढी दरी असते हे दाखवून दिले.

भारतात पत्त्याला अंकांचे रूप मिळाले ते १५ ऑगस्ट १९७२ रोजी. त्या पिन कोडचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी अधिकारी. संस्कृत कवी म्हणूनही त्यांची ख्याती होती. सहा अंकांपैकी पहिले तीन टपालाच्या वर्गवारीचा जिल्हा सांगतात, शेवटचे तीन वाटपाचे कार्यालय. ११०००५ म्हटले की दिल्लीतील करोल बाग.

मात्र साक्षीदाराची उलटतपासणी केल्यावाचून न्याय होत नाही, आणि ती कशी करावी हे करोल बागेचा इतिहासच शिकवितो. नवी राजधानी उभारताना उठविलेल्या खेड्यांतील माणसे १९२० च्या सुमारास येथे येऊन वसली. १९२१ साली महात्मा गांधींनी येथील तिबिया महाविद्यालयाचे उद्घाटन केले. १९२५ साली जामिया मिलिया अलीगढहून येथे आली आणि पुढे ओखल्यास गेली. १९४७ मध्ये अनेक मुस्लिम कुटुंबे निघून गेली; पश्चिम पंजाबातील निर्वासित त्यांच्या जागी आले. लाहोरास पदवी घेतलेला गृहस्थ त्या दिवसापासून करोल बागेचा रहिवासी ठरला. आज स्पर्धा परीक्षांच्या तयारीसाठी महाराष्ट्रासह देशभरातील तरुण येथे भाड्याच्या खोल्यांत राहतात. पदवी गावाकडची, पत्ता मात्र करोल बागेचा! ह्या सर्वांना स्थानिक धरले, तर वस्ती आहे त्याहून अधिक सुशिक्षित दिसेल.

देशाच्या हिशेबातही हाच धोका आहे. २०१०-११ पासून चालू असलेल्या अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणात विद्यार्थी मोजला जातो तो त्याची संस्था जेथे आहे तेथे. २०२१-२२ मध्ये अठरा ते तेवीस वयोगटाच्या लोकसंख्येशी विद्यार्थ्यांचे प्रमाण देशात शेकडा २८.४, तर चंदीगडमध्ये ६४.८ आढळले. चंदीगडच्या ह्या आकड्यात बाहेरगावाहून शिकावयास आलेल्यांचाही भरणा आहे.

करोल बागेतच, चर्मकाम करणाऱ्या रैगर समाजाच्या नावाने ओळखले जाणारे रैगरपुरा आहे. त्या गल्लीतील मुलगी आणि पुसा रोडवरील व्यापाऱ्याचा मुलगा ह्या दोघांचा पिन कोड एकच. सरासरी काढली की ती मुलगी तिच्यात हरवते, आणि शिष्यवृत्ती देणाऱ्यास ती दिसत नाही. म्हणून विद्यार्थी सध्या कोठे राहतो एवढे विचारून भागत नाही. शाळा सोडताना तो कोणत्या गल्लीत, कोणत्या घरात राहत होता, हे विचारावे लागते. त्या घराची नोंद झाली, तरच पत्त्याची साक्ष खरी ठरते.