दुरुस्तीची नोंद

मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली मुंबईत निघाला. सुधारित दुसरी आवृत्ती १८५७ साली. म्हणजे छापलेली चूक २६ वर्षे तशीच राहिली, आणि कोणता अर्थ कोणी, का बदलला हे नव्या पानावरून उमगत नाही.

संगणकावरील लेखनात ही उणीव ‘गिट’ प्रणाली भरून काढते. लिनस टोरवाल्ड्स यांनी ती २००५ साली रचली. मुक्त संगणक-प्रणालीच्या माहितीपुस्तिकेत कोणीही दुरुस्ती सुचवावी, संपादकांनी पारखून स्वीकारावी. जुना पाठ, सुधारणाऱ्याचे नाव, दिनांक, कारण सारे जतन होते.

भोपाळात शासकीय सेवेत असताना आम्हीही नस्तीवर असेच लिहीत असू: आधीची टिपणी न खोडता, खाली आपली, स्वाक्षरीसह. कारण न नोंदवलेल्या निर्णयाचे समर्थन पुढे कोणालाच करता येत नसे. मराठी पाठ सुधारणाऱ्यांनीही कारण अवश्य लिहावे. उद्याचा वाचक तेच आधी शोधील.