पाच किलोबाइटची रिकामी जागा

२०१२ च्या उत्तरार्धापासून २०१३ च्या जानेवारीपर्यंत सॅमसंगचे काही लॅपटॉप एकाच तऱ्हेने बंद पडले आणि पुन्हा सुरूच झाले नाहीत. ५३०यू३सी, एनपी७००झेड५सी अशी त्यांतल्या काही मॉडेलांची नावं. मालकांनी पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवून बघितलं होतं, बाकी काहीही नाही. खालचा घटनाक्रम कुणा एका मालकाचा नाही. तेव्हा अनेकांच्या बाबतीत जे घडलं ते एका संध्याकाळच्या तासांत बसवलं आहे. यंत्राच्या आत काय झालं, ते मात्र नंतरच्या तपासात निष्पन्न झालं तसंच दिलं आहे.

४ तास आधी

उबुंटू १२.१० हे लिनक्स डाउनलोडला लावलं आहे. फाइल सुमारे ८०० एमबीची, सीडीवर न मावणारी, म्हणून पेनड्राइव्ह. ऑक्टोबर २०१२ मध्ये विंडोज ८ आलं आणि नव्या लॅपटॉपांमध्ये जुन्या बायोसच्या जागी यूईएफआय हे फर्मवेअर सर्रास दिसू लागलं. लिनक्स वापरणाऱ्यांत वर्षभर एकाच गोष्टीची चर्चा होती: सिक्युअर बूट. सही नसलेली सिस्टिम नवा लॅपटॉप सुरू होऊ देईल का, याची सगळ्यांना काळजी. मालकानेही त्याबद्दल वाचलं आहे. तो सावध आहे, पण ज्या धोक्याबद्दल कुणी बोललंच नाही त्यापासून त्याने सावध कसं राहावं?

२ तास आधी

फोटो, कागदपत्रं, प्रोजेक्टच्या फाइली असं सगळं बाहेरच्या हार्डडिस्कवर कॉपी होत आहे. उबुंटूची फाइल नीट उतरली आहे की नाही, तेही तपासून झालं. करायला हवं ते सगळं त्याने केलं आहे, हे इथे ठासून सांगायला हवं. अशा प्रसंगानंतर पहिला प्रश्न मालकालाच विचारला जातो: "तू काहीतरी वेगळं केलं असशील." त्याने वेगळं काहीही केलेलं नव्हतं.

हार्डडिस्कचा बॅकअप फर्मवेअरपर्यंत मात्र पोचत नाही. फर्मवेअर मदरबोर्डवरच्या एका छोट्या फ्लॅश चिपमध्ये असतं. त्याच चिपचा एक कोपरा यूईएफआयने स्वतःच्या नोंदींसाठी राखलेला असतो. कोणती सिस्टिम आधी सुरू करायची, कोणती सेटिंग्ज ठेवायची, ते तिथे लिहिलं जातं. ही जागा किलोबाइटांत मोजण्याइतकी तोकडी असते. चालू असलेली सिस्टिमही तिथे लिहू शकते; यूईएफआयच्या जाहीर नियमावलीतच तशी सोय आहे.

२० मिनिटं आधी

पेनड्राइव्ह तयार झाला. बूट मेन्यूत तोच पेनड्राइव्ह दोनदा दिसतो, एकदा साधा आणि एकदा यूईएफआय असं लिहिलेला. नवा लॅपटॉप, नवी पद्धत, म्हणून मालक दुसरा पर्याय निवडतो. साधा निवडला असता तर ही गोष्ट इथेच संपली असती. पुढे बाधित लॅपटॉपांसाठी सल्लाही तोच दिला गेला: जुन्या बायोस पद्धतीनेच सुरू करा. पण त्या संध्याकाळी हे त्याला कोण सांगणार?

इन्स्टॉल न करता नुसतं वापरून बघायचं, असं त्याने ठरवलं आहे. डिस्कवर एक अक्षरही लिहिलं जाणार नाही, म्हणून तो निश्चिंत आहे.

१ मिनिट आधी

लिनक्सचा गाभा असलेलं कर्नल सुरू झालं. हा लॅपटॉप सॅमसंगचा आहे हे ओळखून त्याने 'सॅमसंग-लॅपटॉप' नावाचा ड्रायव्हर आपणहून लोड केला. पडद्याचा आणि कीबोर्डचा उजेड, वायरलेसचं बटण अशी कामं त्याच्याकडे. त्यासाठी तो मेमरीच्या ठरावीक भागात सॅमसंगच्या फर्मवेअरची एक खूण शोधतो आणि ती सापडली की फर्मवेअरशी बोलायला लागतो. जुन्या बायोस पद्धतीत हे ठीक चालायचं. यूईएफआय पद्धतीत ती जागा तशी राहिलेली नव्हती. ड्रायव्हरने हात घातला आणि प्रोसेसरने 'मशीन चेक' ही गंभीर चूक उठवली.

कर्नल कोसळलं.

काही सेकंद आधी

सगळा घात या काही सेकंदांत आहे. कोसळताना कर्नल एक शेवटचं काम करतं: आपण का पडलो याची नोंद कुठेतरी ठेवून जातं, म्हणजे पुढच्या वेळी कारण शोधता येईल. या सोयीचं नाव पीस्टोअर. डिस्कवर लिहिण्याची शाश्वती उरलेली नसते, म्हणून यूईएफआयच्या राखीव जागेत लिहायचं. नोंदीचे एकेका किलोबाइटच्या आसपासचे तुकडे होतात आणि प्रत्येक तुकडा एक नवा व्हेरिएबल म्हणून साठवला जातो. फर्मवेअर दरवेळी 'झालं' म्हणून उत्तर देतं. जागा संपत आली तरी ते अडवत नाही.

पडदा गोठलेला आहे. मालक थोडा वेळ वाट बघतो आणि पॉवरचं बटण दाबून धरतो.

शून्य

बटण पुन्हा दाबलं. पडदा काळाच. सॅमसंगचं नाव येत नाही, सेटिंग्जचा पडदा उघडत नाही, पेनड्राइव्ह काढूनही फरक नाही. सुरू होताना या फर्मवेअरला त्याच जागेत थोडी मोकळीक लागत होती. ती न मिळाल्यास काय करायचं, हे त्याच्यात लिहिलेलंच नव्हतं.

१ तासानंतर

बॅटरी काढून झाली, सेल काढून झाला. जुन्या काळी बायोसची सेटिंग्ज सेलवर तगणाऱ्या मेमरीत असत. सेल काढला की ती पुसली जायची आणि मशीन मूळपदावर यायचं. फ्लॅश चिपला सेलची गरज नसते. तिथे लिहिलेलं वीज गेली तरी टिकतं, आणि पुसायचं तर आधी मशीन सुरू व्हायला हवं. चिप वेगळ्या उपकरणावर नव्याने लिहायची किंवा मदरबोर्ड बदलायचा, एवढेच मार्ग उरले. बहुतेकांच्या वाट्याला मदरबोर्ड आला.

पुढचे आठवडे

जानेवारी २०१३ च्या अखेरीस बातमी सर्वत्र पसरली, आणि ती 'लिनक्समुळे सॅमसंगचे लॅपटॉप निकामी' अशी होती. यूईएफआय पद्धतीत तो ड्रायव्हर लोडच होऊ नये, असा बदल कर्नलमध्ये झाला. तेवढ्यावर विषय संपला असता तर दोष कायमचा चुकीच्या माथी बसला असता.

फेब्रुवारीत कर्नल विकासक मॅथ्यू गॅरेट यांनी एक सॅमसंग लॅपटॉप घेतला. त्यावर लिनक्स एकदाही सुरू केलं नाही. विंडोजमध्येच एक छोटा प्रोग्रॅम चालवून यूईएफआयची राखीव जागा भरली आणि मशीन बंद केलं. तो लॅपटॉपही पुन्हा उठला नाही. या एका प्रयोगाबद्दल मला त्यांच्याविषयी फार आदर वाटतो. हजारो रुपयांचं यंत्र नियमात बसणाऱ्या लिखाणाने मरत असेल, तर दोष ते लिखाण स्वीकारणाऱ्याचा आहे. फर्मवेअर एकाच सिस्टिमच्या नेहमीच्या सवयींपुरतं तपासायचं आणि विकायचं, हे ग्राहकाच्या विश्वासाला धरून नाही.

लिनक्सकडून चुका झाल्याच नाहीत, असंही नाही. २०१७ च्या डिसेंबरात उबुंटू १७.१० ची इन्स्टॉलेशन फाइल मागे घ्यावी लागली. कर्नलमध्ये चालू ठेवलेल्या 'इंटेल-एसपीआय' या ड्रायव्हरमुळे लेनोवोच्या आणि इतरही काही लॅपटॉपांची फर्मवेअरची चिप कुलूपबंद होत होती. बायोसमध्ये केलेले बदल टिकत नव्हते, यूएसबीवरून बूट होत नव्हतं. तिथे बोट कर्नलकडेच जातं. उबुंटूच्या विकासकांनी ते मान्य केलं आणि चिप पुन्हा मोकळी करण्याचा उपायही दिला.

सॅमसंगच्या प्रकरणात कर्नलने पुढे काय केलं, तेही सांगायला हवं. मार्च २०१३ मध्ये नियम आला की राखीव जागा अर्ध्याहून अधिक भरेल असं काही लिहायचं नाही. हा नियम फारच कडक ठरला. काही मशीनवर अर्धी जागा आधीच भरलेली असायची, मग लिनक्सला आपली बूटची नोंदही करता येईना. म्हणून तो सैल करून एक ठरावीक आकडा लिहिला गेला: ५१२० बाइट, म्हणजे पाच किलोबाइट. राखीव जागा त्याहून कमी उरणार असेल, तर कर्नल स्वतःच लिहायला नकार देतं. हा आकडा फक्त सॅमसंगपुरता ठेवलेला नाही. कोणत्या कंपनीचं फर्मवेअर भरल्या जागेने मरेल हे बाहेरून ओळखता येत नाही, म्हणून तो सगळ्यांना सरसकट लागू केला गेला.