ग्रुप काढणं सोपं, चालवणं अवघड! ऑनलाइन समूह टिकतात कसे?

"आज पाणी येणार का?", "टँकर कुठवर आलाय?", "चाकण चौकात ट्रॅफिक किती आहे?" पिंपरी-चिंचवड आणि चाकण पट्ट्यातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर असे प्रश्न रोज येतात. काही ग्रुपवर दोन मिनिटांत उत्तर मिळतं. काही ग्रुपवर मात्र उत्तराआधी पन्नास 'गुड मॉर्निंग' आणि एक भांडण पार करावं लागतं. हा फरक कशामुळे पडतो?

इथे ग्रुपची एवढी गरज का?

२००१ मध्ये पिंपरी-चिंचवडची लोकसंख्या सुमारे १० लाख होती. २०११ च्या जनगणनेत ती १७ लाखांच्या पुढे गेली. कारखान्यांमुळे मराठवाडा, खानदेश, विदर्भ आणि परराज्यांतून लोक इथे आले. गावाकडे ओळखी पिढ्यानपिढ्यांच्या असतात. इथे शेजारी मागच्याच महिन्यात राहायला आलेला असतो. त्यात एकाची फर्स्ट शिफ्ट आणि दुसऱ्याची थर्ड, त्यामुळे जिन्यातही गाठ पडत नाही.

मग ओळख फोनवर होते. सोसायटीचा ग्रुप, कंपनीच्या बसचा ग्रुप, गाववाल्यांचा ग्रुप. नोव्हेंबर २०१९ पासून महापालिकेने शहरात दिवसाआड पाणीपुरवठा सुरू केला. तेव्हापासून सोसायटीच्या ग्रुपवर वेळेत आलेला एक मेसेज घरातल्या पाण्याचा हिशेब ठरवू शकतो.

बोलणारे मोजकेच का असतात?

संशोधक जेकब निल्सन यांनी २००६ मध्ये ऑनलाइन समूहांबद्दल एक ढोबळ सूत्र मांडलं. १०० पैकी ९० जण फक्त वाचतात, ९ जण अधूनमधून बोलतात आणि बहुतेक मजकूर एकाच माणसाकडून येतो. म्हणजे गप्प सदस्य हे ग्रुप मेल्याचं लक्षण नाही. पण माहिती देणारे दोन-चार जण कंटाळले, तर ग्रुप खरोखर थंड पडतो.

आकाराचाही प्रश्न आहे. २०२२ पासून व्हॉट्सॲपच्या एका ग्रुपमध्ये १,०२४ जण राहू शकतात. मात्र मानववंशशास्त्रज्ञ रॉबिन डनबार यांच्या मते माणूस साधारण १५० जणांशीच खरी ओळख ठेवू शकतो. म्हणून मोठ्या सोसायटीत सूचनांचा ग्रुप आणि गप्पांचा ग्रुप वेगळा असलेला बरा.

नियम कोणी ठरवायचे?

याचं चांगलं उत्तर पाण्याच्या अभ्यासातून मिळतं. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी सामायिक पाणी, जंगलं आणि मासेमारी लोक मिळून कशी सांभाळतात, याचा अभ्यास केला. त्यासाठी त्यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांना दिसलेल्या गोष्टी ग्रुपलाही लागू पडतात. सदस्य कोण, हे स्पष्ट हवं. नियम ठरवताना ते पाळणाऱ्यांचाही सहभाग हवा. आणि शिक्षा पायरीपायरीने हवी. आधी खासगीत समज, मग ग्रुपवर सूचना, शेवटी ग्रुपमधून काढणं. पहिल्याच चुकीला काढलेला माणूस चार जणांना घेऊन दुसरा ग्रुप काढतो!

सदस्याच्या पोस्टला ॲडमिन जबाबदार असतो का?

या भीतीने अनेक जण ॲडमिन व्हायला नाही म्हणतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात यावर निकाल दिला. ॲडमिनचा त्या कृत्यात समान हेतू किंवा आधी ठरलेला बेत नसेल, तर दुसऱ्याच्या आक्षेपार्ह मजकुरासाठी त्याला जबाबदार धरता येत नाही, असं न्यायालयाने म्हटलं. २०२२ पासून ॲडमिनला कोणाचाही मेसेज सर्वांसाठी डिलीट करता येतो. ते अधिकार वेळेवर वापरणं मात्र त्याच्याच हातात आहे.

अफवा आली तर?

वेळेवर कोणी थांबवलं नाही, तर काय होतं हे महाराष्ट्राने पाहिलंय. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात जमावाने पाच जणांना मुलं पळवणारे समजून ठार मारलं. ते भटक्या समाजातले भिक्षेकरी होते. मुलं पळवणारी टोळी फिरत असल्याच्या अफवा तेव्हा मोबाइलवरून पसरत होत्या. देशभरातल्या अशा घटनांनंतर त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करण्याची मर्यादा आणली.

रोज नवे चेहरे दिसणाऱ्या औद्योगिक पट्ट्यात हा धोका जास्त असतो. "हे तुम्ही स्वतः पाहिलं का? कुठे? कधी?" एवढं विचारणारा एक सदस्यही मेसेजचा वेग कमी करू शकतो.

आणि नेटच बंद झालं तर?

३० जुलै २०१८ रोजी मराठा आरक्षण आंदोलनादरम्यान चाकणमध्ये हिंसाचार झाला, गाड्या जाळल्या गेल्या. त्यानंतर ९ ऑगस्टच्या बंदच्या दिवशी खेडसह पुणे जिल्ह्यातल्या काही तालुक्यांत इंटरनेट बंद ठेवण्यात आलं. चाकण खेड तालुक्यातच येतं. अशा दिवशी ग्रुप उपयोगी पडत नाही, शेजाऱ्याचा साधा फोन नंबर आणि ओळख उपयोगी पडते. त्यामुळे ग्रुपमधली माणसं वर्षातून दोनदा तरी समोरासमोर भेटायला हवीत. गणेशोत्सव किंवा सोसायटीची सर्वसाधारण सभा ही त्यासाठी हक्काची निमित्तं आहेत.

ग्रुप टिकवायचा असेल तर

- ग्रुप कशासाठी आहे, ते डिस्क्रिप्शनमध्ये दोन ओळींत लिहा.
- नव्या सदस्याला जुने मेसेज आपोआप दिसत नाहीत. टँकर, प्लंबर, पोलीस ठाणे यांचे नंबर डिस्क्रिप्शनमध्येच लिहून ठेवा.
- प्रश्न सुटला की तसं ग्रुपवर कळवा. आपल्या मेसेजचा उपयोग झाला, हे कळलं की माणूस पुन्हा मदत करतो.
- किमान तीन ॲडमिन ठेवा, तेही वेगवेगळ्या शिफ्टचे. एकटा ॲडमिन ग्रुप सोडून गेला, तर व्हॉट्सॲप उरलेल्यांतून कोणालाही ॲडमिन करतं. तो माणूस कोण असावा, हे ॲपने ठरवण्यापेक्षा तुम्ही ठरवलेलं बरं.