शिरगावच्या विहिरी

डिचोली तालुक्यातील शिरगाव हे नाव गोव्याबाहेर ज्यांच्या कानावर आले आहे, त्यांना ते बहुधा श्री लईराई देवीच्या जत्रेमुळे ठाऊक असते. वैशाख शुद्ध पंचमीच्या रात्री हातात वेताची काठी घेतलेले हजारो धोंड तळीवर स्नान करून येतात आणि होमकुंडाच्या निखाऱ्यांवरून चालत जातात. लईराई ही सात बहिणींपैकी एक, आणि म्हापशाची मिलाग्रीस सायबीण हीही त्यांतलीच एक, अशी समजूत त्या भागातील हिंदू व ख्रिस्ती अशा दोन्ही समाजांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. याच गावाची दुसरी ओळख त्याच्या पोटातील लोहखनिजाची. या दुसऱ्या ओळखीमुळे वैद्यकशास्त्रातील एक जुना विचार शिरगावात अगदी घराच्या परसापर्यंत येऊन पोहोचला.

रोग झाल्यावर तो बरा करणे, हे वैद्याचे काम अशी सर्वसामान्य धारणा असते. परंतु १९५३ मध्ये अमेरिकेत लीव्हेल आणि क्लार्क या दोन अध्यापकांनी प्रतिबंधक वैद्यकावर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात प्रतिबंधाच्या पायऱ्या पाडून दाखविल्या. रोगाचे वा अपघाताचे कारणच दूर करून तो होऊ न देणे, हा प्राथमिक प्रतिबंध. झालेला रोग लवकर ओळखून त्यास आवर घालणे, ही दुसरी पायरी. आणि जे अपंगत्व आले असेल त्यातून माणसाला शक्य तितके सावरणे, ही तिसरी. विहिरीला कठडा बांधणे, पडलेल्यास तत्काळ बाहेर काढणे आणि त्याच्या मोडलेल्या पायास कुबडी देणे, यांत जो फरक आहे, तोच या पायऱ्यांत आहे. तिन्ही गोष्टी आवश्यक खऱ्या. पण कठड्याचा खर्च ज्याने करावयाचा तो एक असतो आणि कुबडीचा भार ज्याच्यावर पडतो तो दुसराच असतो. हा विचार मागे पडण्याचे कारण पुष्कळदा एवढेच असते.

खाणीच्या संबंधात तर हा विचार चारशे सत्तर वर्षांचा जुना आहे. जॉर्जिउस आग्रिकोला हा जर्मन वैद्य बोहेमियातील योआखिमस्थाल या खाणगावी राहून खाणकामगारांवर औषधोपचार करीत असे. त्याच्या मृत्यूनंतर, १५५६ मध्ये, खनिजविद्येवरील त्याचा मोठा ग्रंथ बाझेल येथे छापला गेला. कोरड्या खाणीतील धूळ फुफ्फुसांत जाऊन ती पोखरते, कार्पेथियन पर्वतातील खाणींत अशा स्त्रिया आढळतात की ज्यांचे एकामागून एक सात पती या क्षयाने गेले, असे त्याने लिहून ठेवले आहे. आणि तेवढ्यावर न थांबता खाणीत मोकळी हवा खेळविणारी यंत्रे कशी बांधावीत, तोंडावर फडके का बांधावे, पायांत उंच बूट का असावेत, हेही त्याने सांगितले. औषधांचे पाठ देणाऱ्या वैद्याने पंख्यांची व भात्यांची चित्रे छापावीत, ही त्या काळी मोठीच नवलाची गोष्ट होय. (या लॅटिन ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर पुढे १९१२ मध्ये हर्बर्ट हूव्हर व त्यांच्या पत्नी लू यांनी केले. हे हूव्हर खाण अभियंते होते. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्षपद त्यांना नंतर लाभले.)

इटलीतील मोदेना येथे १७०० मध्ये बेर्नार्दिनो रामाझिनी याने कारागिरांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला. रुग्णाची नाडी पाहण्याबरोबरच तुझा धंदा कोणता, हे त्याला विचारलेच पाहिजे, असा त्याचा आग्रह. आपल्या घरचा शौचकूप उपसणाऱ्या माणसाची घाई पाहून त्याने त्याला कारण विचारले आणि त्या वायूने होणारी डोळ्यांची आग व येणारे अंधत्व यांची हकीकत ऐकून तो या अभ्यासाकडे वळला. गरिबाच्या रोगाचे मूळ त्याच्या पोटापाण्याच्या उद्योगात शोधावे, ही दृष्टी वैद्यकाला त्याने दिली.

रामाझिनी लिहीत होता त्या सुमारास गोव्याची राजधानी ओस पडत चालली होती. मांडवीच्या काठचे जुने गोवे एके काळी पूर्वेकडील वैभवाचे शिखर समजले जाई. तेथे १५४३ मध्ये पटकीची भयंकर साथ आली. गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्याने १५६३ मध्ये गोव्यातच छापलेल्या आपल्या ग्रंथात या रोगाचे वर्णन केले असून त्याचे देशी नाव दिले आहे ‘मोर्शी’. आपली ‘मोडशी’ ती हीच. साथी येत राहिल्या. दाट वस्तीतील घाण आणि सांडपाणी जांभ्याच्या सच्छिद्र थरांतून पाझरून विहिरींत उतरत असे, हे त्या शहराच्या ऱ्हासाचे एक कारण म्हणून इतिहासकार सांगतात. शहरात रुग्णालये होती, आणि ती त्या काळी नावाजलेलीही होती. विहीर मात्र राखली गेली नाही. अखेर १७५९ मध्ये व्हाइसरॉयने आपला मुक्काम पणजीस हलविला आणि १८४३ मध्ये पणजी ही रीतसर राजधानी झाली. एका नगराने पाण्यापुढे हार खाल्ली, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

जांभ्याचा हा गुण ध्यानात ठेवला म्हणजे शिरगावची कथा समजण्यास सोपी जाते. पण त्याआधी धुळीचा एक भारतीय हिशेब सांगणे इष्ट. कोलारच्या सोन्याच्या खाणींत १९४० ते १९४६ या काळात ७,६५३ कामगारांची तपासणी झाली, त्यांपैकी ४३.७ टक्के लोकांच्या फुफ्फुसांत सिलिकोसिस हा रोग आढळला. गारेच्या बारीक धुळीने जडणाऱ्या या रोगावर तेव्हाही औषध नव्हते आणि आजही नाही. एकदा फुफ्फुस घट्ट झाले की ते पुन्हा मऊ होत नाही. म्हणून येथे पहिली पायरी हीच एकमेव खरी पायरी ठरते: दगडाला भोक पाडतानाच पाणी सोडून धूळ जागच्या जागी बसविणे. १९६१ च्या धातुखाणींच्या नियमांत धूळ जेथे उत्पन्न होते तेथेच ती दाबावी, खाणीच्या कडा सरळ उभ्या न ठेवता पायऱ्यापायऱ्यांनी उतरत्या ठेवाव्यात, अशी जी कलमे होती, त्यांच्या मागे अशा अनेक छात्यांचा इतिहास आहे.

ब्रिटिश अमलाखालील हिंदुस्थानात खाणींचा कायदा १९०१ मध्ये झाला आणि १९०२ च्या जानेवारीत कलकत्त्यास खाणींच्या तपासणीची कचेरी उघडली. हीच पुढे धनबादेस गेली. गोव्यात पोर्तुगीजांचा अंमल असल्याने ही व्यवस्था तेथे लागू नव्हती. तेथे १९०६ च्या पोर्तुगीज फर्मानाने खाणींची कन्सेशने देण्याची रीत घालून दिली होती. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमधील पोलादाचे कारखाने पुन्हा उभे राहू लागले, तेव्हा डिचोलीपासून सांग्यापर्यंत पसरलेल्या त्या तांबड्या डोंगरांना एकाएकी भाव आला. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाल्यावर भारतीय कायदे क्रमाने तेथे आले. कन्सेशने मात्र १९८७ च्या कायद्याने भाडेपट्ट्यांत रूपांतरित होईपर्यंत टिकून राहिली.

गोव्यातील खाणी उघड्या असतात. डोंगराचा माथा काढावयाचा, मग त्याचे पोट. एक टन खनिज हाती येण्यासाठी अडीच ते तीन टन माती-दगड बाजूस टाकावे लागतात, आणि त्यांच्या नव्या टेकड्या उभ्या राहतात. जुन्या डोंगराला मुळांनी धरून ठेवलेले असते; या नव्या टेकड्यांना काहीच धरून ठेवीत नाही. पावसाळ्यात त्यांची तांबडी माती ओहोळांतून भाताच्या खाचरांत उतरते. उन्हाळ्यात तेच खनिज ट्रकांतून नदीकाठच्या धक्क्याकडे जाते, तेथून बार्जेसमधून मुरगाव बंदराकडे. ट्रकवाल्यास मोबदला खेपेवर मिळतो. जितक्या खेपा तितके पैसे. रस्त्यावर वेगमर्यादेची पाटी लावणारा अधिकारी आणि खेपेचा दर ठरविणारा व्यवहार यांची गाठ कधी पडत नाही. अपघात व्हावयाचा तो खेपेच्या हिशेबात आधीच लिहिलेला असतो. शाळेला जाणाऱ्या मुलांच्या वाटेवर पडणारी धूळही त्याच हिशेबातली. ताडपत्री नीट बांधण्यास लागणारी चार मिनिटे कोणाला तरी महाग वाटलेली असतात.

पण शिरगावची खरी जखम पाण्याची. गोव्याच्या खाणपट्ट्यात वरचा जांभा पाणी झिरपू देतो आणि घरोघरच्या विहिरी त्यावर जगतात. त्याखाली चिकणमातीचे थर, आणि त्याखाली भुकटीसारखे मऊ लोहखनिज. हे भुकटी खनिजच स्पंजासारखे पाणी धरून ठेवते. म्हणजे जे खणून परदेशी पाठवावयाचे, तेच त्या भागाचे भूजलाचे कोठार! खाणीचा तळ भूजलाच्या पातळीखाली गेला की खड्डा पाण्याने भरू लागतो. काम चालू ठेवावयाचे तर पंप लावून रात्रंदिवस उपसा करावा लागतो. आणि उपसा होऊ लागला की आसपासचे पाणी त्या खड्ड्याकडे धाव घेते. शिरगावच्या विहिरी अशा रीतीने कोरड्या पडल्या. गाव खाणपट्ट्यांनी वेढलेले असल्याने एक विहीर आटली तर दुसरीकडे जावे, अशीही सोय राहिली नाही. प्रश्न मुंबई उच्च न्यायालयाच्या गोव्यातील खंडपीठापुढे गेला, नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने गावची पाहणी केली, आणि गावाला बाहेरून पाणी पुरविण्याची व्यवस्था करावी लागली.

टँकरचे व नळाचे पाणी ही कुबडी होय. कुबडीस नावे ठेवण्याचे कारण नाही. परंतु विहीर असलेल्या घरातील बाई पाण्यासाठी कोणाच्या वेळापत्रकावर अवलंबून नसते. टँकरच्या घरातील बाई असते. पाणी साठवून ठेवावे लागते, साठवलेल्या पाण्यात डास होतात, हात धुण्यात काटकसर होते. खाणीत घडलेली गोष्ट अशी स्वयंपाकघरात येते. कामाच्या जागेची सुरक्षितता एका खात्याकडे, गावाचे आरोग्य दुसऱ्याकडे आणि पाणी तिसऱ्याकडे, ही वाटणी कागदावर ठीक दिसते. जमिनीखालच्या पाण्याला ती ठाऊक नसते.

पुढील घटना वाचकांच्या स्मरणात असतील. न्यायमूर्ती शहा आयोगाच्या अहवालानंतर सप्टेंबर २०१२ मध्ये राज्यातील खाणी थांबल्या. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१४ मध्ये अटी घालून वाट मोकळी केली आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये ८८ पट्टे रद्द ठरविले. या उलथापालथीत खाणीवर पोट असलेल्या माणसांचे जे हाल झाले, तेही सार्वजनिक आरोग्याच्या हिशेबात धरले पाहिजेत. ट्रकांचे हप्ते थकले, गॅरेजे बंद पडली. बेकारी ही औषधाने बरी होणारी व्याधी नव्हे. खाण सुरू असता गावाची विहीर जाते आणि बंद पडता घरची चूल थंडावते. आरंभीच मर्यादा घातली नाही म्हणजे शेवटी असे दोनच पर्याय उरतात, आणि दोन्ही त्याच माणसांच्या माथी येतात.

असो. प्रतिबंधाचा संबंध खाणीपुरताच असतो असे नाही, हे शिरगावाने अत्यंत दुःखद रीतीने अनुभवले. ३ मे २०२५ च्या पहाटे जत्रेच्या गर्दीत, उताराच्या अरुंद वाटेवर चेंगराचेंगरी होऊन किमान सहा भाविक प्राणास मुकले आणि सत्तरांहून अधिक जखमी झाले. रुग्णवाहिका धावल्या, रुग्णालयांनी शिकस्त केली, चौकशी समिती नेमली गेली. निखाऱ्यांवरून चालण्यापूर्वी धोंड उपवास करतात, नियम पाळतात, स्नान करून शुचिर्भूत होतात. आगीपुढे जाण्याआधीची तयारी त्या परंपरेत इतकी काटेकोर आहे. आगीकडे नेणाऱ्या वाटेची तयारी मात्र तशी झालेली नव्हती. उतार तोच, वाटेची रुंदी तीच, जत्रेची तिथी वर्षभर आधी पंचांगात छापलेली. वाटेवरील दुकाने कोठवर येऊ द्यावीत, येण्याचा व जाण्याचा मार्ग वेगळा कसा ठेवावा, ही गणिते आदल्या महिन्यात दिवसाउजेडी करावयाची असतात.

डिसेंबर २०२२ मध्ये गोव्याच्या खनिजपट्ट्यांचा पहिला लिलाव झाला. त्या चार पट्ट्यांपैकी तिघांचा संबंध शिरगावच्या भूमीशी येतो. डिचोलीच्या पट्ट्यातील काम २०२४ मध्ये सुरू झाले. घरे, देवळे व शेती पट्ट्याच्या रेषेतून वगळावी, अशी मागणी या भागातील ग्रामस्थ करीत आले आहेत. कायद्याचीही कूस बदलली आहे: १९५२ चा खाण कायदा जाऊन २१ नोव्हेंबर २०२५ पासून कामाच्या जागेची सुरक्षितता, आरोग्य व परिस्थिती यांविषयीची २०२० ची संहिता अमलात आली. बंद पडलेल्या खाणींच्या खड्ड्यांत दरम्यान अनेक पावसाळ्यांचे पाणी साचले. खनिजापर्यंत पोहोचावयाचे तर हे पाणी आधी उपसावे लागते. म्हणून जेथे अजून पंप लागलेला नाही, तेथे गावच्या प्रत्येक विहिरीतील पाण्याची पातळी मोजून काठावर तिची खूण व तारीख कोरून ठेवावी, चैत्र-वैशाखात एकदा आणि पावसाळ्यानंतर एकदा. एक दोर, एक दगड आणि शाळेतील चार मुले यांच्याने हे काम होण्यासारखे आहे. मात्र ते पंप सुरू होण्यापूर्वी व्हावयास हवे, कारण नंतर घेतलेल्या मापाची तुलना करण्यास काही शिल्लक राहत नाही.